कोरडं कपाट

कपाट इंदिराच्या लग्नातलं. देवासहून तिच्या वडिलांनी ट्रकमध्ये घालून पाठवलेलं, हिरव्या रंगाचं, दाराला लांबलचक आरसा. इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या अख्ख्या गल्लीनं ते उतरताना पाहिलं होतं. आता अशा कपाटात शालू असावेत की नाही? होते वेल्डिंगचे रॉड. शालू गेले पलंगाखालच्या ट्रंकेत, आणि तिथं एका पावसाळ्यात त्यांना बुरशी आली. रॉडना मात्र बुरशी सोडा, दमट वारासुद्धा लागत नव्हता, कारण कपाटाच्या खालच्या कप्प्यात दिवसरात्र एक बल्ब जळत असे. "माणसाला सर्दी झाली तर काढा घ्या म्हणे, आणि लोखंडाला होऊ नये म्हणून बल्ब," असं इंदिरा म्हणायची, पण हळूच. नवऱ्याला, म्हणजे जयसिंगरावांना, ऐकू जाईल असं बोलण्याची त्या घरात कुणाची टाप नव्हती.

जयसिंगरावांचे वाडवडील होळकरांच्या फौजेत शिलेदार. घोडे गेले, फौज गेली, भिंतीवर एक बोथट तलवार तेवढी उरली. जयसिंगराव स्वतः मिलच्या बॉयलरखात्यात वेल्डर होते, आणि वेल्डर म्हणजे कसे, तर त्यांनी जोडलेल्या नळीला वाफेचा दाब लावायचा तर इंजिनियर लोक निवांत चहा पीत उभे राहायचे. मिल काही एका दिवसात बंद पडली नाही. आधी एक पाळी गेली, मग भोंगा गेला, मग फाटकाला कुलूप आलं, आणि तरीही लोक कितीतरी दिवस सकाळी डबा घेऊन फाटकापर्यंत जाऊन येत. बायकोला काय सांगायचं, म्हणून! पेपरात तेव्हा रोज छापून यायचं की देश मोकळा झाला, बाजार मोकळा झाला. झाला असेल बुवा. इंदिराच्या घराच्या मात्र तेव्हापासून दारं-खिडक्या बंद झाल्या.

त्याचं असं झालं. मिल गेल्यावर जयसिंगरावांनी ओसरीत मशीन लावलं आणि पहिलं काम घेतलं ते गल्लीतल्या किराणेवाल्याच्या फाटकाचं. रॉडचा पुडा ठेवला होता पलंगाखाली. मिलमध्ये रॉड गरम ठेवायला भट्टी होती. घरात कुठली? पावसाळ्याचे दिवस, फरशीला ओल. फाटक लागलं, दिसायला झकास, आणि पंधरवड्यात बिजागरी सांध्यातून उखडली. किराणेवाला भर गल्लीत ओरडला, "क्यों रावसाहेब, मिल में भी ऐसाच काम करते थे क्या? तभी तो बंद हो गई!" लोक हसले. जयसिंगरावांनी मान खाली घालून फाटक पुन्हा जोडून दिलं, घरी आले, इंदिराचे शालू कपाटातून काढून पलंगावर ठेवले आणि म्हणाले, "हे दुसरीकडे ठेव."

झालं. त्या दिवसापासून घर रॉडचं, आणि माणसं तिथं भाड्यानं राहिल्यासारखी. खोलीची रस्त्याकडची एकुलती एक खिडकी खिळे ठोकून बंद. फटीत चिंध्या. कुकर घरात लावायचा नाही, मागच्या पडवीत. ओले कपडे आत आणायचे नाहीत, मग बाहेर चार दिवस पाऊस का लागेना. मुलगी पूर्वा कॉलेजात जाणारी, तिनं न्हाऊन केस पडवीतच वाळवायचे. आणि कहर म्हणजे कूलर नाही! मे महिन्यात इंदुरात अख्खी गल्ली कूलरसमोर पाय पसरून झोपलेली, आणि ही तिघं बंद खोलीत घामाघूम, वर कपाटात बल्ब. पूर्वा म्हणायची, "आई, आपण रॉडबरोबर भाजून निघून राहिलो." इंदिरा तिला डोळ्यांनी दाबायची. पण खोटं कशाला बोला, कधी कधी त्या आरशात स्वतःचं घामेजलेलं तोंड पाहताना तिला वाटायचं, लागो याला आग एकदाची.

जयसिंगराव काही राक्षस नव्हते. एकदा त्यांनी तिला जवळ बसवून समजावलं होतं. "ओला रॉड कधी कधी पेटतो पण, इंदू. वरून सांधाही छान दिसतो. पण त्यातल्या पाण्याचा होतो वायू, तो जातो वितळलेल्या लोखंडात. लोखंड थिजतं आणि तो आतच अडकतो. बाहेर यायला वाट नाही. आत सगळी भोकंच भोकं. वजन आलं की तिथूनच तुटणार."

"वाट नाही म्हणजे काय होतं, ते मला सांगा," इंदिरा म्हणाली. त्यांना ते कळलं नाही, किंवा कळूनही त्यांनी कपाटाचं दार लावून घेतलं.

पण त्या कपाटानंच घर तारलं हेही खरं. मिलमध्ये त्यांच्या हाताखाली शिकलेला अशोक आता ठेकेदार झाला होता. पोलोग्राउंडच्या कारखान्यांच्या वस्तीत त्याची शेड होती. तो काम आणून द्यायचा. जयसिंगरावांची अट एकच, रॉड माझ्या घरचे. अशोक चारचौघांत सांगायचा, "काकाजींचा सांधा म्हणजे भिया, हत्ती बांध दो." ते ऐकून आल्यावर जयसिंगराव दोन घास जास्त जेवायचे. मिल गेल्यावर या माणसाकडं एवढंच उरलं होतं, की याचा सांधा तुटत नाही. इंदिराला ते पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर ती सगळं सोसत होती.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी अशोकनं मागच्या गल्लीतल्या बालमंदिराचं काम आणलं. अंगणात पाण्याच्या टाकीचा लोखंडी स्टँड, चांगला उंच, आणि त्याच्या खालीच मुलांना प्यायला नळ. पाय आणि आडव्या पट्ट्या जोडायला घेतल्या होत्या, वरची चौकट राहिली होती. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत शाळेला सुट्टी. सुट्टीत टाकी चढवायची आणि शाळा उघडेल त्या दिवशी भरायची, असं ठरलं.

खंडेनवमीला या घरात हत्यारांची पूजा. तलवार उतरायची, घासूनपुसून पाटावर ठेवायची, शेजारी रॉड धरायचा होल्डर, हातोडी, काळ्या काचेचा मुखवटा. पाणी शिंपडायचं, हळदकुंकू, झेंडू. रॉडना मात्र जयसिंगराव कपाटाचं दार किलकिलं करून लांबूनच कोरड्या अक्षता टाकायचे आणि दार लावायचे. पण त्या नवमीला ते अशोकबरोबर पोलोग्राउंडला गेले ते आलेच नाहीत. मुहूर्त टळायला आला. शेवटी इंदिराच सोवळ्यानं बसली. तलवारीची पूजा झाली, होल्डरची झाली, आणि तिची नजर कपाटाकडं गेली.

काय वाटलं तिला कोण जाणे. वाटलं की आपण या कपाटाला इतके शिव्याशाप दिले, पण चूल पेटते ती याच्यावर. पूर्वाची फी भरली जाते ती याच्यावर. तलवार काय, दोन पिढ्या नुसती भिंतीला टांगलेली, तिला हार. आणि जे खरोखर घर चालवतात त्यांना लांबून चार तांदळाचे दाणे? कपाटाची किल्ली एरवी त्यांच्या खिशात असे, त्या दिवशी घाईत ती दारालाच राहिली होती. तिनं कपाट उघडलं, फोडलेल्या पुड्याचे रॉड डब्यातून काढले, पाटावर ओळीनं मांडले. पंचपात्रीत फूल बुडवून पाणी शिंपडलं. एकदा नाही, तीनदा. ओल्या हळदकुंकवाची बोटं ओढली. मनापासून नमस्कार केला. मग रॉड गोळा करून डब्यात ठेवले, झाकण घट्ट लावलं, कारण झाकण उघडं राहिलेलं त्यांना खपत नसे.

आता तुम्ही म्हणाल, आठ वर्षं जिनं पाण्याच्या थेंबावर पहारा दिला, तिला एवढं कळलं नाही? नाही कळलं! पूजेचं पाणी म्हणजे काय पाणी असतं? तिच्या लेखी पाणी म्हणजे कुकरची वाफ, पूर्वाचे केस, पावसाची झड. फुलानं शिंपडलं ते तीर्थ. तिच्या मनात शंकासुद्धा आली नाही, उलट कितीतरी दिवसांनी तिला त्या खोलीत जरा बरं वाटलं.

दसऱ्याला सकाळीच अशोक दारात हजर. "काकाजी, आज मुहूर्ताला वरची चौकट जोडून टाका. चौकीदार थांबलाय, मला लगेच कृष्णपुऱ्याला पाहुण्यांकडे जायचंय." जयसिंगरावांनी डबा उचलला, होल्डर घेतला आणि गेले. इंदिरा श्रीखंडाचा चक्का फेटत होती. दुपारी ते आले, सोनं दिलं-घेतलं, जेवले. बोलले काही नाहीत. दमले असतील, असं तिला वाटलं.

संध्याकाळी तिनं डबा पुसायला घेतला. आत वापरलेल्या रॉडची थोटकं होती. एकावर बोटाचा लाल ठसा. कुंकू. तिनं ते उचललं तर वरचा लेप ओल्या भिंतीच्या पोपड्यासारखा तिच्या हातात आला. डब्याच्या तळाला अजून ओल होती.

अरे देवा, हे काय करून बसलो आपण! डबा हातात घेऊन ती तशीच कपाटासमोर उभी राहिली. आरशात तिला मागं आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेले जयसिंगराव दिसत होते.

सांगायचं. लगेच सांगायचं. पण काय सांगायचं? की तुमच्या हातानं तुम्ही वाईट सांधा केलात? किराणेवाल्याच्या फाटकानं या माणसाचं अर्धं आयुष्य कोंडून टाकलं, आणि हे तर मुलांच्या डोक्यावरचं. ते जाऊन अशोकला सांगणार, अशोक दुसरा माणूस बघणार, आणि हे पुन्हा डबा घेऊन बंद फाटकाशी जाऊन येणार. आणि तिनं रॉड भिजवले हे ऐकून ते काय समजतील? कपाटाला आग लागो म्हणणारी ही, हिनं मुद्दामच केलं! ती गप्प बसली. उद्या सांगू, म्हणाली.

ते उद्या काही येईना. दिवाळीचं फराळाचं आलं, चकल्या पडवीत, शेव पडवीत. तिचा हात तळणीत आणि जीव त्या स्टँडवर. एकदा तिनं आडून विचारलं, "सांधे चांगले आले ना हो बालमंदिराचे?"

"हं," ते म्हणाले.

"दिसायला कसे आलेत?"

"दिसायला चांगले आलेत." आणि उठून बाहेर गेले.

हल्ली ते रोज दुपारी असे बाहेर जायचे. चकलीचा तुकडा मोडून ताटात तसाच ठेवायचे. घरात तिघं माणसं आणि कुणी कुणाशी धड बोलत नाही. पूर्वा म्हणाली, "आई, काय झालंय? खिडकी बंद होती तोपर्यंत ठीक होतं, आता तोंडंही बंद करून घेतलीत का तुम्ही?" इंदिरा तिच्यावर उगाच खेकसली. नंतर पडवीत जाऊन रडली.

शाळा उद्या उघडणार त्या दुपारी मात्र तिच्यानं राहवेना. पोहे आणायच्या निमित्तानं ती निघाली आणि सरळ मागच्या गल्लीत शिरली. म्हटलं, निदान डोळ्यांनी बघू. टाकी चढली होती. काळी, मोठी थोरली, अजून रिकामी. खाली नळ, नळापाशी कुणीतरी चुन्यानं आखून मुलांनी रांग कुठं लावायची ते दाखवलेलं. आणि शाळेच्या फाटकाचे गज धरून, मान वर करून, जयसिंगराव उभे होते.

ती जवळ गेली तरी त्यांना कळलं नाही. तिनं हाक मारली तेव्हा दचकले.

"तू इथं कशी?"

इंदिरानं डोळे मिटून घेतले आणि एका दमात बोलून टाकलं. "अहो, ते रॉड ओले होते. नवमीला मी पूजा केली, पाणी शिंपडलं, मला सुचलं नाही. मला काय शिक्षा द्यायची ती द्या, पण ती टाकी भरू देऊ नका."

जयसिंगराव म्हणाले, "मला माहीत आहे."

"काय?"

"डबा उघडला तेव्हाच कुंकू दिसलं. हात लावला तर ओले."

"मग?" तिचा आवाज चढला. भर रस्त्यात ती नवऱ्यावर पहिल्यांदाच ओरडली असेल. "मग वापरले कशाला?"

त्यांनी गज सोडले नाहीत. "नवमीला पूजलेलं हत्यार दसऱ्याला चालवलं नाही तर आमच्यात अपशकुन मानतात. अशोक मुहूर्त मुहूर्त करत उभा. घरात दुसरा पुडा नाही, दुकानं बंद. नाही कसं म्हणू? म्हटलं, एक लावून बघू. पेटला, इंदू. छान पेटला! म्हटलं, जाईल चालून. मग दुसरा लावला. सांध्यावरची जळकी पपडी काढून बघितलं तर वर एक डागसुद्धा नाही." आता ते वर टाकीकडं बघत होते. "तुम्हा दोघींना आठ वर्षं मी त्या खोलीत श्वास घेऊ दिला नाही, पाण्याच्या एका थेंबासाठी. आणि ओला रॉड चालवला तो मीच. हे तुला कोणत्या तोंडानं सांगू? रोज येतो इथं. फाटक उघडायला सांगायचं म्हणतो आणि परत जातो."

इंदिराला त्यांचा राग आला, कीव आली, आणि हसूही आलं, रडण्यासारखं. म्हणजे एवढे दिवस एकाच खोलीत, एकाच बल्बच्या उजेडात, दोघंही तेच पोटात घेऊन बसले होते. "वाट नाही, वाट नाही म्हणता," ती म्हणाली, "आणि वाट काय मी येऊन दाखवायची?" आणि तिनं पुढं होऊन फाटकाची कडी वाजवली. "चौकीदारभिया! गेट खोलो!"

त्यांनी अशोकला बोलावणं पाठवलं. टाकी उतरवली. जयसिंगरावांनी वर चढून चौकटीच्या सांध्यावर छिन्नी ठेवली आणि हातोडी घातली. तिसऱ्या घावाला सांधा उकलला. आतला भाग त्यांनी खाली आणून अशोकला दाखवला. सगळी जाळी पडलेली, बारीक बारीक भोकं. "काकाजी, ये आपने किया?" अशोक एवढंच म्हणाला. जयसिंगरावांनी इंदिराचं नाव घेतलं नाही. "मीच केलं. रॉड ओले आहेत हे बघून केलं," म्हणाले. दिवस मावळायच्या आत त्यांनी दसऱ्यानंतर घेतलेला नवा पुडा कपाटातून आणून चौकट पुन्हा जोडली, आणि तो पुडा इंदिरा पदरात गुंडाळून, मांडीवर घेऊन शेवटपर्यंत अंगणात बसून राहिली. सकाळी टाकी भरली, मुलं पाणी प्यायली, काही झालं नाही.

पण अशोक पुन्हा आला नाही. आठवड्यानं निरोप आला, "काकाजी, काम तो आपका सोना है, पण काम देणाऱ्या पार्टीला बात कळली. थोडे दिवस आराम करा." थोडे दिवस म्हणजे काय, ते मिलच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

त्या दिवशी जयसिंगराव जेवले नाहीत. दुपारी उठले, कपाटाचं दार उघडलं आणि बल्बचं बटण बंद केलं. मग पक्कड घेऊन खिडकीशी गेले आणि एक एक खिळा उपटला. चिंध्या ओढून काढल्या, खिडकी ढकलली. कितीतरी वर्षांनी रस्त्याचा वारा आणि उजेड आत आला, कचोरीवाल्याची आरोळी आत आली. "घे," ते म्हणाले. "आता उघडी ठेव. कुकर घरात लाव. शालू आण कपाटात. आता काय कोंडून ठेवायचंय?" आणि खुर्चीत जाऊन बसले, मिलच्या फाटकाला कुलूप लागलं त्या दिवशी बसले होते तसेच, हात मांडीवर उताणे ठेवून.

हेच तर हवं होतं इंदिराला. याच वाक्यासाठी तिनं देवाला किती साकडी घातली होती! ती खिडकीत जाऊन उभी राहिली. वारा तोंडाला लागला. छान लागला. मग तिनं वळून त्या उताण्या हातांकडं पाहिलं आणि तिला तो वारा सोसवेना.

तिनं खिडकी ओढली. खिळे खाली पडले होते ते उचलले आणि त्यांचीच हातोडी घेऊन ठोकायला लागली. पहिला वाकडा गेला. दुसरा सरळ बसला.

"काय करतेस?" जयसिंगराव म्हणाले.

"दिसत नाही?" तिनं तिसरा खिळा ठोकला. "एका ठेकेदारानं नाही म्हटलं की जग संपतं का? उद्या पोलोग्राउंडला जायचं आणि शेडशेडला विचारायचं. लाज वाटली तर मी येते बरोबर. कुणी विचारलं तर सांगायचं, हो, एकदा चुकलं, आणि आम्हीच उकलून दाखवलं. आणि रॉडची काळजी तुम्ही करायची नाही. ती मी करते. किल्ली द्या इकडं."

जयसिंगरावांनी खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. त्यांचे डोळे भरून आले होते, पण ती तिकडं न बघता कपाटाशी गेली, बल्ब लावला, रॉडच्या डब्यावरून कोरडं फडकं फिरवलं आणि दार बंद करून कुलूप घातलं. खोली पुन्हा पहिल्यासारखी कोंदट झाली.

"पूर्वा," तिनं आत हाक मारली, "ओले केस घेऊन बाहेर हो." आणि किल्ली कमरेला खोचून, कुकर उचलून ती मागच्या पडवीत गेली.